ड्रॉइंग शीटवरचं वायरिंग

१३ जून २००९, शनिवार. रक्कम बत्तीस हजार आठशे पन्नास रुपये. हजर चौघं: मी, माझी बायको, देवरीचा आमचा मेकॅनिक आणि नागपूरच्या सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला सल्लागार.

ही रक्कम दिलेली नव्हती, सांगितलेली होती. गाडीचा कॉम्प्युटर बावीस हजार चारशे, वायरिंगचा अख्खा जुडगा आठ हजार सहाशे पन्नास, मजुरी अठराशे. मी तिथंच उभ्या उभ्या बेरीज तपासली, बरोबर होती. बेरजेखाली शेऱ्याची जागा होती आणि तिथं सल्लागारानं एक ओळ लिहिली होती: ‘बाहेरील मेकॅनिककडून वायरिंगमध्ये छेडछाड.’ ती ओळ मी वाचत होतो तेव्हा आमचा मेकॅनिक माझ्या खांद्यावरून वाचत होता.

“भाऊ,” तो मला म्हणाला, “मी त फेब्रुवारीत हॉर्नची वायर जोडली होती फक्त. तुमच्यासमोर.”

सल्लागार त्याच्याकडे न बघता माझ्याशी बोलला. “सर, टेप लगा हुआ जॉइंट दिखा, तो हमको लिखना पडता है. पॉलिसी आहे.”

गाडी लहान होती, पेट्रोलवरची, २००१ सालची. मी ती २००५ मध्ये सेकंडहँड घेतली होती. मे महिन्यात तिला अचानक तहान लागली. लिटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी दहावर आली, मागून काळा धूर सोडू लागली आणि समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा कायमचा लागून राहिला. देवरीत आमच्या मेकॅनिकनं प्लग साफ केले, हवेची जाळी बदलली. मग त्यानं स्टिअरिंगखालच्या एका डबीतल्या दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या, तेव्हा तो पिवळा दिवा मिचकू लागला. एकदा. मग थांबून चारदा. मग पुन्हा एकदा, पुन्हा चारदा.

“हा तिचा रोगाचा नंबर हाय,” तो म्हणाला. “एक आणि चार, चौदा. पण चौदा म्हणजे काय, ते ज्या पुस्तकात लिहिलं हाय ते पुस्तक कंपनी मले देत नाही.”

म्हणून आम्ही त्याला सोबत घेऊन नागपूरला गेलो होतो. तिथं चौदाचा अर्थ पाच मिनिटांत कळला: इंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर. त्यांनी तो बदलला. सेन्सरचे सहाशे नव्वद आणि तपासणीचे साडेचारशे मी भरले. दिवा तसाच राहिला, नंबरही चौदाच. तेव्हा कॉम्प्युटर गेला असं ठरलं, आणि तो कोणामुळे गेला हेही ठरलं.

मी विचारलं, “कोणती वायर बिघडली ते दाखवा. वायरिंगचा नकाशा तर असेल तुमच्याकडे.”

“आहे सर, पण कस्टमरला दाखवता येत नाही.”

“गाडी माझी आहे.”

“गाडी आपली आहे सर. नकाशा कंपनीचा आहे.” आणि त्यानं गाडीच्या कप्प्यातली छापील पुस्तिका काढून माझ्या हातात दिली. “आपल्यासाठी हे आहे.”

ती पुस्तिका मी घरी नंतर पूर्ण वाचली. पानं एकशे सेहेचाळीस. काच पुसायचं पाणी कुठं भरायचं ते तिच्यात चित्रासह होतं. ‘अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा’ हे वाक्य सदतीस वेळा होतं.

परत येताना साकोली मागे पडलं. मग मेकॅनिक म्हणाला, “अर्धे मी देतो जी. एकदम नाही जमायचे. महिन्याले हजार हजार.”

बायको मागच्या सीटवर होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची आणि मागच्या सीटवरून बोलतानाही तिचा आवाज वर्गातलाच असायचा. “भाऊ, तुमी केलं का ते?”

“नाही.”

“मंग कायले देता?”

“बाई, त्या सेंटरमदी देवरीच्या साऱ्या गाड्या जातेत. कागदावर लिवलं तिथं. उद्या कोणी विचारलं का देवरीत कोणाकडं दाखवू, त ते काय सांगतीन?”

त्याचं म्हणणं खरं होतं. मला बत्तीस हजारांची चिंता होती, त्याला त्या एका ओळीची. मी १९९९ साली स्कूटर घेतली तेव्हापासून तो माझं काम करत होता. त्या स्कूटरच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सगळ्या वायरिंगचं चित्र होतं, कुठली वायर कुठल्या रंगाची हे लिहिलेलं. ते पान पाहूनच त्यानं माझ्या स्कूटरचे दिवे, हॉर्न, ब्रेकचा स्विच सगळं दहा वर्षं चालू ठेवलं होतं. तो हुशार तेव्हा होता आणि आताही होता. फरक एवढाच की मधल्या काळात कंपन्यांनी ते शेवटचं पान छापणं बंद केलं होतं, आणि हायवेवरच्या मेकॅनिकला नव्या गाडीपुढं हात जोडायला लावलं होतं. त्या वर्षी तो नव्या गाड्या परत पाठवू लागला होता. हे मला त्यानं नाही, शेजारच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं.

कंपनीची बाजूही मी मनात मांडून पाहिली. कोणी अर्धवट माणूस ब्रेक उघडून बसला आणि माणसं मेली तर? ही भीती खोटी नाही. पण त्यावर इलाज म्हणजे त्याला नीट सांगणं, दार लावणं नव्हे. मी पाटबंधारे खात्यात मोजणीचं काम केलं आहे. कालव्याचा नकाशा गावात कोणी मागितला तर आम्ही देत होतो. नकाशा नसलेला माणूस कालवा फोडायचा थांबत नाही, चुकीच्या जागी फोडतो एवढंच.

घरी आल्यावर मी पेट्रोलची वही काढली. प्रत्येक वेळी किती लिटर भरलं आणि गाडी किती किलोमीटर चालली ते मी लिहीत होतो. बायको त्या वहीला माझी पोथी म्हणायची. हॉर्नचं काम ८ फेब्रुवारीला झालं होतं. त्यानंतरच्या भरण्यांना लिटरमागे किलोमीटर: सोळा, पंधरा पूर्णांक नऊ, सोळा पूर्णांक एक, पुन्हा सोळा. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल ठीक. १७ मेच्या ओळीत दहा पूर्णांक एक. मेकॅनिकचा हात लागल्यावर गाडी तीन महिने निरोगी होती. वही त्याला निर्दोष ठरवत होती. पण माझी वही सेंटरवाले कशाला मानतील? त्यांना वायर दाखवावी लागणार होती.

सोमवारी मी कंपनीला रजिस्टर पत्र टाकलं: माझ्या मालकीच्या गाडीच्या वायरिंगचा नकाशा मला मिळावा, किंमत कळवावी, मी भरतो. आणि मेकॅनिककडे गेलो.

“कोणती तरी वायर सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या मधात तुटली असन,” तो म्हणाला. “पण कॉम्प्युटरच्या प्लगमदी बावन्न पिना हायेत. एकाच रंगाच्या तीन-तीन वायरी. अंदाजानं जुडगा फाडला आणि काही झालं, त ते लिवतीन, पाहा, म्हणलं होतं ना.”

“दुसरी अशीच गाडी असती तर?”

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. “चांगली गाडी? तिच्यावरून काढू न आपण नकाशा.”

बायकोच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे तीच गाडी होती, दोन वर्षं नवी. मेकॅनिकनं मीटर लावून पाहिलं, दोन्ही गाड्यांचे प्लग सारखेच निघाले. गुरुजींनी गाडी दिली, पण २१ जूनच्या रविवारी सकाळी ते स्वतःही आले आणि खुर्ची टाकून बसले.

“खोलता येते तुम्हाले, ते दिसून राहिलं,” गुरुजी म्हणाले. “लावता येईन ना?”

“आईच्यान लावतो गुरुजी. तुमी चहा घ्या.”

मेकॅनिक पिनेला मीटरची एक सुई लावायचा, दुसरी इंजिनाकडच्या टोकांना एकेक करून. जुळलं की मीटर पीं करायचा. तो ओरडायचा, “सात! निळी, पांढरी रेघ!” आणि मी मोठ्या ड्रॉइंग शीटवर सातपासून रेघ ओढून रंग आणि ठिकाण लिहायचो. सेन्सरच्या दोन वायरी अकराच्या सुमारास सापडल्या. पीन एकवीस आणि पीन चाळीस.

“झालं,” मेकॅनिक म्हणाला. “येवढंच पाहिजे होतं.”

“आता खोललंच आहे, तर सगळ्या लिहू,” मी म्हणालो.

“सगळ्या? अठ्ठेचाळीस?” चार पिना रिकाम्या होत्या, त्या त्यानं वजा केल्या होत्या. मला बरं वाटलं.

गुरुजी उठून उभे राहिले. “सगळ्या काऊन जी? तुमची गाडी बिमार हाय, माझ्या गाडीचं पोस्टमॉर्टेम करून राहिले तुम्ही.”

पण मी हटलो नाही. पुढच्या वेळी दुसराच नंबर मिचकेल तेव्हा पुन्हा कुणाची गाडी मागायची? त्या रविवारी एकोणतीस झाल्या. २८ जूनच्या रविवारी उरलेल्या एकोणीस, दुपारी दोनपर्यंत. हॉर्नची वायर कुठून जाते तेही मी शोधून लिहिलं. ती त्या जुडग्यात नव्हतीच. डाव्या बाजूनं वेगळीच जात होती. मेकॅनिकनं त्या रेघेवरून दोनदा बोट फिरवून पाहिलं.

गुरुजींची गाडी जोडून चालू झाली. गुरुजींनी ती हायवेवर एक फेरी मारून आणली, मग जेवायला बसले.

मग आमची गाडी. चाळीस नंबरला पीं. एकवीसला काही नाही. मेकॅनिकनं सुई दाबली, पुसली, पुन्हा लावली. काही नाही. मग त्यानं इंजिनामागून जाणाऱ्या जुडग्याची टेप सेन्सरकडून उलगडायला सुरुवात केली. हातभर उलगडल्यावर त्यानं हात आत घातला आणि मूठ बाहेर काढून माझ्यापुढं उघडली. कुरतडलेला कापूस, कागदाचे तुकडे आणि वाळलेली मोहफुलं.

“भाऊ,” तो अगदी शांतपणे म्हणाला, “तुमची गाडी पिऊन राहिली होती ते या संगतीनं.”

गुरुजी जेवता जेवता हसले. मी हसलो नाही, कारण मला तारखा आठवल्या. २ ते ९ मे. बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न, चिचगडला. आठ दिवस गाडी सासऱ्यांच्या शेडमध्ये, वाळवलेल्या मोहफुलांच्या पोत्यांना लागून. पोत्यांवर उंदीर येतात हे चिचगडचं लहान मूलही सांगेल. ते इंजिनाच्या उबेत घर करतील हे मला सुचलं नाही. कुरतडून तुटलेल्या त्या एका वायरीमुळे कॉम्प्युटरला इंजिन बर्फासारखं थंड वाटत होतं, आणि तो बिचारा मे महिन्यात तिला पेट्रोल पाजत होता.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बाबा म्हणून राहिले होते ना, चिंचेखाली लावा जावईबापू. तुम्ही म्हणालात, उन्हानं रंग जाते.”

तेवढं खरं होतं. गाडी माझ्या हातानं बिघडली होती.

नवी वायर, वर जाड नळी, टेप. दिवा विझला. पुढच्या भरण्याला पंधरा पूर्णांक आठ. सेंटरनं काढलेला जुना सेन्सर मी मागून आणला होता. मेकॅनिकनं तो गरम पाण्यात धरून मीटरवर पाहिला, ठणठणीत होता.

मी पाकीट काढलं तर त्यानं हात मागे घेतला. “पैसे नंतर. आधी तो शेरा खोडून आणा.”

४ जुलैला मी एकटा नागपूरला गेलो. वायरचा कुरतडलेला तुकडा, वही, जुना सेन्सर आणि गुंडाळलेली ड्रॉइंग शीट. सल्लागारानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरनं शीट टेबलावर पसरली आणि बराच वेळ तिच्यावर वाकून राहिला. कंपनीच्या कॉम्प्युटरवर नकाशा उघडून त्यानं दोन-तीन रेघा ताडून पाहिल्या, स्क्रीन मला दिसणार नाही अशी वळवून. आमची एकही रेघ चुकली असं तो म्हणाला नाही.

“सेन्सरचे पैसे परत होणार नाहीत,” तो म्हणाला. “बसवलेला पार्ट आम्ही परत घेत नाही.”

“सेन्सरसाठी नाही आलो. ही ओळ खोडा, सही करा, तारीख घाला. तुमच्या रेकॉर्डमध्येही.”

त्यानं ओळ खोडली, बाजूला ‘उंदरामुळे वायर तुटलेली, बाहेरील मेकॅनिकचा दोष नाही’ असं लिहिलं, सही केली आणि शिक्का मारला. रेकॉर्ड बदलल्याचं पान छापून दिलं.

कंपनीचं उत्तर त्याच आठवड्यात आलं, एका परिच्छेदाचं. दुरुस्तीचं साहित्य केवळ अधिकृत केंद्रांसाठी आहे, आपल्या सूचनेबद्दल आभार. मी सूचना केली नव्हती, मागणी केली होती. ते पत्र मी ग्राहक मंचाकडे घेऊन गेलो नाही, याची मला अजूनही थोडी बोचणी आहे. जायला हवं होतं. पण शीटच्या सहा झेरॉक्स काढून त्या मॉडेलच्या गाडीवाल्यांना दिल्या, एक सडक अर्जुनीच्या मेकॅनिकलाही.

५ जुलैच्या सकाळी मी खोडलेला शेरा घेऊन गेलो. मेकॅनिकनं तो वाचला, घडी घालून आपल्या लायसन्सच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवला आणि म्हणाला, “दोनशे द्या.”

“वायर, नळी, टेप?”

“पंच्याण्णव.”

“जोडणीची मजुरी?”

“तीनशे घेत असतो, पण तुमाले...”

“तीनशे. आणि दोन रविवार दुकान बंद ठेवलं त्याचे?”

“कागदाचे पैसे असतेत का जी?”

“रविवारी किती होतात?”

त्यानं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, “साडेतीनशे. बाजाराच्या दिवशी जास्त.”

दोन रविवारचे सातशे, मजुरी तीनशे, सामान पंच्याण्णव. एकूण एक हजार पंच्याण्णव रुपये, रोख, देवरीच्या मेकॅनिकला. पावती त्यानं माझ्याच वहीत लिहून दिली.