उघड्या पाकिटातलं कार्ड

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. संसाराला इतकी वर्षं झाली, पोरं हाताशी आली — पण जिभेवर आलं की गिळून टाकलं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कुंदाला ओळखत नाही.

कुंदा माझी माहेरची, पूर्ण्याची शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर, शाळेत एक बाक. तिच्याकडे दिवाळीला, संक्रांतीला, नव्या वर्षाला कार्डं यायची. मामाची, आत्याची, बदली होऊन गेलेल्या रेल्वेवाल्यांच्या पोरींची. बैठकीत या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत दोरी बांधून ती कार्डं टांगायची. चमकीची, उघडलं की गुलाब उभा राहणारी. एक तर चक्क वाजणारं! आणि आमच्याकडे? विमा एजंटाचं एक, तेही बाबांच्या नावाने. एका वर्षी मी तेच टांगलं. आई म्हणाली, "काढ ते. एकटा पायमोजा वाळायला घातल्यावानी दिसायलंय."

हसा, हरकत नाही. पण मला तेव्हा रडू आलं होतं. कुंदा मनाने चांगली होती, स्वतःची कार्डं मला आधी दाखवायची — आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

मग तिचं लग्न ठरलं. मुलगा पिंगळीचा, नाव प्रकाश. साखरपुडा झाला आणि त्याची कार्डं यायला लागली. तेव्हा कार्ड बुकपोस्टाने पाठवायची रीत होती. पाकीट चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं, म्हणजे तिकीट स्वस्त पडतं. आत सही आणि फार तर चार-दोन शब्द. त्यामुळे पोस्टमनकाकांपासून गल्लीतल्या आजीपर्यंत सगळे ते कार्ड वाचूनच पुढे द्यायचे. प्रकाश बिचारा लाजरा — नुसती सही करायचा. तेवढ्यावर कुंदा दिवसभर गुणगुणत असायची.

मला तो मुलगा आवडला होता का? नाही. शपथेवर सांगते, नाही. मला कार्ड हवं होतं. तिच्याकडे इतकी, त्यात हीही — आणि मला एक नाही?

संक्रांतीच्या आधी मावशीकडे जाते म्हणून मी पॅसेंजरने पिंगळीला गेले — टपालाचा शिक्का तिथलाच पडायला हवा होता. बदामाच्या आकाराचं लाल कार्ड घेतलं, त्यावर माझंच नाव, माझाच पत्ता. आत लिहिलं, 'फक्त तुझाच.' खाली प्रकाशची सही. ती मला पाठ होती — कुंदानेच किती वेळा दाखवली होती. झाकण आत खोचलं. चिकटवू शकले असते ना? पण मग ते वाचलं कुणी असतं? कुंदाच्या कानावर जावं, तिचा चेहरा एकदा, एकदाच उतरावा — एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता.

कार्ड आलं त्या दिवशी आमच्या घराला कुलूप होतं. पोस्टमनकाकांनी ते नेहमीसारखं शेजारी दिलं. कुंदाच्या आईच्या हातात.

संध्याकाळी मला बोलावलं. सगळे बसले होते. कुंदाही, दोरीखाली. तिचे वडील अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरी, भिऊ नको. हे त्यानंच धाडलंय का?"

'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी मान खाली घातली आणि रडायला लागले. भीतीने, दुसरं काही नाही. कुंदाच्या आईने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "लेकरू कवापासून मनात कुढायलंय बघा," म्हणाली. मी — मी तो हात फिरवू दिला.

लग्न मोडलं. प्रकाश येऊन दारात उभा राहिला, आईची शपथ घेत होता. कुणी ऐकून घेतलं नाही. मी आमच्या खिडकीतून बघत होते. तेव्हाही चार पावलं चालून जाता आलं असतं. गेले नाही. पिंगळीत त्याचं नाव इतकं खराब झालं की तो गाव सोडून गेला, पुढे त्याचं काय झालं ते मी कधी विचारलंही नाही. कुंदाने दोरी काढली. त्या रात्री ती माझ्याच कुशीत शिरून रडली. आणि ऐका — त्या रडण्यातही मला एक क्षण बरं वाटलं. आता आम्ही सारख्या झालो, असं वाटलं.

पुढे तिला देवगाव फाट्याजवळ दिली. नवरा वाईट नाही असं तीच सांगते. गुणगुणताना मात्र मी तिला नंतर कधी ऐकलं नाही.

आता कार्डं कोण पाठवतं? सगळं मोबाईलवर. पण यंदा संक्रांतीला ती लेकीला घेऊन माझ्याकडे आली. लेकीचं जमत आलंय. चहा घेता घेता कुंदा तिला म्हणाली, "ही मावशी नसती तर माझं लय वाटोळं झालं असतं. हिच्यामुळं वाचले मी. तुझा मुलगा हिलाच आधी दाखवायचा. ही हो म्हणली तर हो."

लेकीने लगेच फोन पुढे केला. मुलाचा फोटो होता. त्याने तिला पाठवलेले निरोप होते, बदामांचे, खाली खाली संपतच नव्हते. मला तेच जुनं टोचलं.

मी चष्मा लावला आणि म्हणाले, "चांगला दिसतोय." कुंदाने डोळे पुसले आणि माझ्या पाया पडायला लेकीला वाकवलं.