दहावीचं वर्ष आणि कोच

आमच्याकडे दहावीचं वर्ष म्हणजे सुतकच. टीव्ही बंद, पाहुणे बंद, खेळ बंद. डोंबिवलीत माझ्या आईने हेच केलं, इथे आखातात, अल मनखूलच्या फ्लॅटमध्ये मीही तेच केलं. फरक इतकाच, की माझी मुलगी शाळेच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन होती.

तिचे कोच अमेरिकन, साठीला टेकलेले. तिकडे एका कॉलेजच्या मुलींची टीम त्यांनी वीस वर्षं सांभाळली. मग लागोपाठ तीन सीझन हरले आणि कॉलेजने नारळ दिला. इथल्या शाळेशी एका वर्षाचा करार होता. टीम फायनलला गेली तर करार पुढे, नाही तर खलास. हे मला मुलीनेच सांगितलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

सेमीफायनलच्या आठवड्यातच प्रीबोर्ड परीक्षा आली. मी मुलीचं नाव टीममधून काढून घेतलं. ‘मम्मा, इट्स जस्ट वन मॅच,’ ती रडत म्हणाली. मी ढिम्म.

दुसऱ्या दिवशी कोच स्वतः घरी आले. मी चहा दिला, चकली दिली. ‘मॅडम, फक्त दोन तास द्या, मीच तिला परत आणून सोडतो,’ ते म्हणाले. स्वतःच्या नोकरीबद्दल अवाक्षर नाही.

‘सर, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला,’ मी म्हटलं. पुढच्या वर्षी ते इथे नसणार हे माहीत असून म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

टीम हरली. महिन्याभरात त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला आणि ते परत गेले. इथे नोकरी गेली की देशही सुटतो, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक असतं.

मुलीला पंच्याण्णव टक्के मिळाले. मी बिल्डिंगभर बर्फी वाटली, पण घास काही गोड लागेना. संध्याकाळी माफी मागायला म्हणून कोचना अमेरिकेत फोन लावला. आता त्यांच्याकडे कुठलीच टीम नव्हती. मार्क ऐकून मात्र ते मनापासून खूश झाले. मग त्यांनी विचारलं, ‘आणि खेळते ना अजून?’

मुलीने त्या आठवड्यापासून चेंडूला हात लावला नव्हता.

‘हो, खेळते की,’ मी म्हटलं.

‘मग झालं तर. मला आणखी काय हवं?’

मुलगी समोरच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि उठून आपल्या खोलीत गेली. फोन माझ्या कानाशी तसाच होता, आणि माफीचा शब्द काही तोंडातून फुटेना.