रबराला ठोकलेलं बटण

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. आणि आता बोलतोय ते मन हलकं व्हावं म्हणून — छे, ते व्हायचं नाही. या गोष्टीची नुसती आठवण आली तरी स्वतःचीच किळस येते.

अकोल्याला जठारपेठेत काकांचं इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. काका म्हणजे आमचे मालक. ती वर्षं अशी, की कापूस घेऊन बाजारात आलेला माणूस आधीच पडलेल्या भावानं कावलेला असायचा. त्यात काटा बंद पडला की भांडणच. काट्यांचे बोर्ड दुरुस्त करायला आम्ही दोघं — मी आणि शबाना आपा. आपा मोर्णा नदीपलीकडून, जुन्या शहरातून यायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या हातावर चाललेलं. आणि हात तरी कसा? केसाएवढ्या तारेला कथलाचा टाका एका दमात घालायच्या. माझ्याहून सरस होत्या. हे मला तेव्हाही कळत होतं.

थंडीत आमच्याकडची हवा इतकी कोरडी, की लोखंडी कपाटाला हात लावला तरी चटका बसतो. अंगावरची हीच वीज बोर्डात गेली की आतली चिप अर्धमेली होते. दुकानात चालते आणि आठ दिवसांनी बाजारात मरते. म्हणून काकांनी मला अमरावतीला पाठवलं, टेबलावर अंथरायची अँटिस्टॅटिक मॅट आणायला. निवडायची कशी तेही सांगितलं. दोन थरांची पाहिजे, अंगावरची वीज हळूहळू जमिनीत सोडणारी. मीटरची एक सळई मॅटला जमिनीची तार जोडतात त्या बटणाला, दुसरी मॅटवर टेकवायची. आकडा दिसला तर खरी, नाहीतर साधं रबर.

मी अमरावतीला गेलो आणि दिवसभर मित्राकडे पत्ते कुटत बसलो. उठलो तोवर मॅटचं दुकान बंद. मग? अकोल्यात उतरल्यावर स्टँडजवळ निळं, जाड, चकचकीत रबर कापून घेतलं. घरी त्याला भोक पाडून पितळी बटण ठोकलं, तार जोडली. किती मन लावून केलं ते काम! काकांनी वरून हात फिरवला, म्हणाले, चांगली आणलीस.

पंधरा दिवसांत अंजनगाव सुर्जीच्या बाजारातून काटे परत यायला लागले, बहुतेक आपांच्या हातचे; चिपचं नाजूक काम त्यांच्याकडेच असायचं. आपा मला हळूच म्हणाल्या, "सुधीरभाऊ, या मॅटवर हात ठेवूनबी मले चटका बसून राहिला."

मी काय म्हणालो असेन? म्हणालो, तुमची ओढणी नायलॉनची आहे ना, तिचा प्रताप. दुसऱ्या दिवसापासून त्या सुती ओढणी घेऊन आल्या. तरी काटे येतच राहिले.

शेवटी काकांनी मॅटवरच बोट ठेवलं. म्हणाले, मीटर लावून दाखव. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं — नाही का? मी एक सळई बटणाला लावली आणि दुसरी अंगठ्याआड लपवून त्याच बटणाच्या कडेला टेकवली. आकडा हलला. काकांना लांबून तेवढंच दिसलं. आपा स्वतःच्या हातांकडे बघत उभ्या होत्या.

"मंग काहून जळते बोर्ड?" काकांनी विचारलं.

"काही लोकायच्या अंगातच वीज जास्त असते," मी म्हणालो.

हे वाक्य माझं. कुणी शिकवलेलं नाही. त्या शनिवारी काकांनी आपांना यायचं नाही म्हणून सांगितलं.

याहून घाण गोष्ट पुढची आहे. आपा गेल्यावर आठवड्यानं मी गुपचूप अमरावतीला जाऊन खरी मॅट आणली. नीट निवडून, मीटर लावून. निळी फेकून दिली. काकांना म्हणालो, जुनीला चीर गेली होती. काटे परत यायचे थांबले. काकांची खात्री पटली, दोष आपांचाच होता. तसं ते ओळखीच्या इतर दुकानदारांनाही सांगत सुटले. आपांना पुन्हा कुणी दुरुस्तीच्या टेबलाशी बसवलं नाही.

चार वर्षांनी जुन्या शहरात त्या दिसल्या. एका दुकानाच्या पायरीवर बसून लसूण सोलत होत्या. मी नजर चुकवणार, तोच त्यांनी हाक मारली. घरच्यांचं विचारलं. मग म्हणाल्या, "आता येते का काटे परत?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मंग माह्याच हाताचा दोष व्हता भाऊ. उगी तुमाले तरास झाला."

मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी म्हणालो, "जाऊ द्या आपा, होते कधी कधी."

म्हणजे मी त्यांना माफ केलं.