सिद्धारामअप्पांची उघडीप

नांदूरघाटच्या सिद्धारामअप्पांचं किराणा दुकान बरं चालायचं, पण त्यांचा खरा तोरा होता आभाळाच्या अंदाजाचा. झड लागली की शेतकरी मिठाच्या पुड्याचं निमित्त करून यायचे आणि विचारायचे, "अप्पा, उघडीप कधी?" अप्पा मान वर करून सांगायचे. चुकलं तर कोण लक्षात ठेवतं? आणि उघडीप पडून माती औताजोगी सुकली तरी कुणी घरी बसलेला दिसला, की अप्पा त्याला भर बाजारात सोलायचे. "वापसा काय तुझी वाट बघत बसतो व्हय बे?"

थोरला अमरनाथ दूर हिमालयात एका ठेकेदाराकडं रस्त्यावरचा बर्फ काढायचं मशीन चालवायचा. बहिणीचं, रुद्राणीचं लग्न तोंडावर आलं आणि नेमका तिकडं बर्फ कोसळायला लागला. गाड्या बंद. शेवटी एका सकाळी त्याचा फोन आला. त्याची आई जगदेवी अप्पांशेजारीच हळकुंडं निवडत बसली होती.

"अप्पा, बर्फ थांबला, लख्ख ऊन हाय. पर मुकादम सोडंना. ताजा बर्फ उन्हानं सुटतो म्हणं, आख्खा कडा खाली येतो. दोन दिस थांबा म्हणतो."

"अन् हळद काय त्या मुकादमाला लावू? खाली मोटार कुठं मिळती?"

"अर्ध्या दिसाची चाल हाय. वाट कड्याखालूनच जाती."

"मग! लपायचं ते पडताना, उघडीप झाल्यावर न्हाई. जलमभर आभाळ बघतोय मी. उघडीप हाय, कशाला बसलास? निघ की."

जगदेवीचा हात थांबला. "आवो, तिथलं तिथल्या माणसाला ठावं."

अप्पांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरगा बापाच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. तो निघाला.

पाऊस पडला की संपतो. बर्फ डोंगरावर दबा धरून बसतो आणि ऊन लागलं की उठतो. दुपारी तो उठला. अमरनाथ सापडला थेट उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर.

घर लिंगायतांचं; त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून माती देतात. खड्डा तसाच खोल खणला होता. जंगमस्वामींनी हिमालयातून आलेल्या पेटीत बघितलं आणि मान हलवली. तो देह आता बसता करण्याजोगा राहिला नव्हता. मग सगळ्यांदेखत पुन्हा कुदळी घेतल्या आणि खड्डा लांबवला. जगदेवी रडली नाही.

कुणी भेटायला आलं की अप्पा मुकादमाच्या नावानं बोटं मोडायचे. "त्या हरामखोरानं माझं लेकरू कड्याखाली धाडलं!" जगदेवी चहा आणून ठेवायची. अशा बापाची कीव यावी म्हणतात. नाही येत.

आषाढात झड लागली आणि एका सकाळी थांबली. शेजारचा आसाराम बिचकतच दुकानात आला. "अप्पा, टिकंल का?"

अप्पांनी सवयीनं मान वर केली. तोंड उघडणार, तोच आतून जगदेवी त्यांच्याच ठसक्यात म्हणाली, "उघडीप हाय, कशाला बसलास? निघ की."

आसारामला वाटलं, आपल्यालाच म्हणाली. "निघतो की, काकू," म्हणत तो हसतच रानाकडं गेला. अप्पांची मान वरच राहिली.

आता दर उघडिपीला ती एवढंच बोलते. नवऱ्याशी तिचं दुसरं बोलणं नाही.