देवगडची भरती, सकाळी सहा

साठीचं दशक संपत आलं होतं. मुंबईत मी ज्या कचेरीत होतो, तिथले साहेब विलायतेहून भोकं पाडलेल्या कार्डांचा एक खोका घेऊन आले. भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा संगणकाचा प्रोग्राम होता तो, तिकडच्या यंत्रासाठी लिहिलेला. आमचं यंत्र वेगळ्या जातीचं.

"चार-दोन ओळी बदला, चालेल," साहेब म्हणाले. यंत्राच्या खोलीत ते फक्त पाहुण्यांबरोबर यायचे.

त्या चार-दोन ओळींना मला पाच महिने लागले. मूळ लिहिणाराही साहेबांच्याच वळणाचा. आपल्या यंत्रापलीकडे जग आहे, हे त्याच्या गावीच नव्हतं. त्याचं यंत्र ज्या गोष्टी आपसूक करायचं, त्या त्याने लिहिल्याच नव्हत्या. त्या एकेक हुडकून मी आमच्या यंत्रासाठी नव्याने लिहिल्या. शेवटी देवगड बंदराच्या वेळांचा कागद छापून निघाला. तो घेऊन मी रजेवर देवगडजवळच्या आमच्या गावी, मिठबावला गेलो. वडिलांना दाखवायची हौस, दुसरं काय.

वडील पडवीत जाळं सांधत बसले होते. त्यांचा जन्म होडीवर गेलेला. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"ह्या कोणी लिवल्यान? अवसेक सकाळी सा वाजता भरती?"

"यंत्रान काढल्यान."

"सा वाजता सुकती आसता रे. भरती दुपारची. तुझ्या यंत्राक दर्यो खंय दिसलो?"

कागद माझ्या मांडीवर टाकून ते पुन्हा जाळ्याकडे वळले. मला राग आला, आणि त्याच क्षणी चूक लक्षात आली. वेळा विलायतेच्या घड्याळाच्या होत्या. मूळ यंत्रावर सगळ्या कामांची देखरेख करणारा एक वेगळा प्रोग्राम असे; ज्या बंदराच्या वेळा काढायच्या, तिथल्या घड्याळाचे जादा तास तो त्यांत मिळवायचा. आमच्याकडे तसं काहीच नव्हतं. सगळ्याच वेळा साडेपाच तास मागे होत्या.

रजा अर्धी टाकून परतलो आणि साहेबांना सांगितलं.

"कोणी काढली ही चूक?"

"वडिलांनी. मासेमारी करतात."

साहेब हसले. "कोळ्यांना विचारून संगणक चालवायचा का आता?"

दोन आठवड्यांनी बंदर खात्याचे अधिकारी आले. तोच चुकीचा कागद साहेबांनी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी अमावास्येच्या ओळीवर बोट ठेवलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब माझ्याकडे वळले. "आमच्या मुलांना नीट तपासायची सवय नाही," ते म्हणाले.

मी गप्प बसलो. साहेबांइतकीच त्या गप्प बसण्याची मला आजही किळस येते.

दुरुस्तीला एक कार्ड पुरलं. या कामाच्या अहवालावर नाव साहेबांचं लागलं आणि त्यावर त्यांना बढतीही मिळाली. पुढच्या रजेत मी दुरुस्त कागद घरी नेला. वडिलांनी तो उघडलासुद्धा नाही.

"आता बरोबर आसा," मी म्हटलं.

"आसतला," ते म्हणाले, आणि होडी काढायला गेले.