मामांचं ग्राफिक्स कार्ड

आमच्या मामेसासऱ्यांइतके लॅपटॉप उभ्या संभाजीनगरात कोणी खरेदी केले नसतील, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकही लॅपटॉप नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मूळचे कन्नडचे, पण चितेगावच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांनी नातेवाइकांना लॅपटॉप घेऊन देण्याचं व्रत घेतलं. कोणाच्या पोराची बारावी झाली की मामा न बोलावता हजर. दुकानात गेले की आधी चष्मा पुसायचा, मग खिशातली स्टीलची पट्टी काढून पडद्याचा काटकोन तपासायचा. तो कधीच चुकलेला नसतो, पण पट्टी खिशात परत गेल्याशिवाय दुकानदाराची बोलायची हिंमत होत नाही. शेवटी, पोरगं काहीही शिकणार असो, हुकूम एकच, की वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलाच घ्या. चित्रांचं जड काम उचलणारा हा लॅपटॉपमधला निराळा भाग. त्याने लॅपटॉप महाग होतो, तापतो आणि पाठीला ओझं होतं. मामांनी तो बी.कॉम.च्या पोराच्या गळ्यात मारला, नर्सिंगच्या पोरीच्या मारला आणि गंगापूरच्या एका भटजींच्याही, जे त्यावर फक्त पत्रिका छापतात. उन्हाळ्यात त्याचा पंखा असा घरघरतो, की समोरच्याला मंगळ आहे हे भटजींना दोनदा सांगावं लागतं.

या हट्टावर आम्ही पुष्कळ हसलो. हसायला नको होतं, कारण तो कुठून आला हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं.

मामांची एकुलती एक मुलगी आर्किटेक्चरला होती. पहिल्या वर्षी तिने कार्डवाला लॅपटॉप मागितला, तेव्हा मामांनी साधा, स्वस्तातला आणला. त्यात काटकसरीपेक्षा तत्त्व जास्त होतं. काढणाऱ्याच्या हाताला वळण नसतं म्हणून ड्रॉइंग जड होतं, अशी त्यांची श्रद्धा. "रेघ साफ असली की मशीन कसलंबी चालतं," म्हणायचे. चौथ्या वर्षी तिने तीन मजली ग्रंथालयाचं मॉडेल पडद्यावर उभं केलं आणि लॅपटॉपने मान टाकली. माउस हलवायचा आणि चहा करून यायचं, असा त्याचा वेग. सबमिशनच्या आदल्या दुपारी ती जेवायला उठली आणि मामा मदत म्हणून तिच्या खुर्चीत बसले. त्यांनी मॉडेल वरून बघितलं, आयुष्यभर नकाशे बघितले तसं. एकाच जागी रेघेवर रेघ, तिच्यावर आणखी एक. कारखान्यात अशी दुहेरी रेघ दिसली की ड्रॉइंग परत यायचं. मामांनी सगळ्या जादा रेघा पुसल्या, फाइल सेव्ह करून बंद केली आणि हलकी झाली म्हणून खूश होऊन उठले. त्या रेघा म्हणजे वरच्या दोन मजल्यांच्या भिंती होत्या.

तिने आधी ठेवलेली जुनी प्रत त्या लॅपटॉपवर शेवटपर्यंत उघडली नाही. तिचं वर्ष गेलं, मग तिने कॉलेजच सोडलं आणि लॅपटॉप विकून टाकला. आता ती एका दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर करते. बापलेकीत दूध, भाजी, गॅस एवढंच बोलणं होतं. त्या दुपारबद्दल एक शब्द नाही.

यंदा माझ्या लेकीला पोस्टर आणि मुखपृष्ठं शिकवणाऱ्या कोर्सला प्रवेश मिळाला. बजेट तोकडं होतं. असल्या सपाट कामाला वेगळं कार्ड लागत नाही, त्यापेक्षा रॅम भरपूर हवी आणि पडद्यावरचे रंग खरे हवेत, एवढं मी चौकशी करून ठेवलं होतं. कार्ड घेतलं असतं तर या दोन्हींवर पाणी सोडावं लागलं असतं. हे सांगायला गारखेड्याला मामांकडे गेलो.

"जावईबापू, बिनकार्डाचा घ्यायचा नाय," मामा म्हणाले. "पोरीचं नुकसान होईल."

मी रॅमचा विषय काढला. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. आवाज चढला आणि नुकसान होईल हेच पुन्हा पुन्हा. मला त्यांचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली.

त्यांची मुलगी ड्यूटीवर निघाली होती. पिशवीत डबा घालता घालता ती दारात थांबली.

"बाबा, तिला कार्ड लागत नाय," ती म्हणाली. "मला लागत होतं."

मामा तिच्याकडे वळले. "व्हय," म्हणाले. मग, "व्हय गं. तुला लागत होतं."

ती चप्पल घालून निघून गेली.

पुढच्या रविवारी मामा आमच्याबरोबर दुकानात आले. माझ्या लेकीला म्हणाले, रॅम बघ, रंग बघ, बाकी काही नको. एवढं सांगून बाहेर पायरीवर जाऊन बसले. लेक आत एकेका पडद्यावर रंग लावून बघत होती. मी बाहेर येऊन त्यांच्याशेजारी टेकलो.

"वरच्या मजल्यावर तिनं पोरींना वाचत बसायला खोली काढली होती म्हणं," ते म्हणाले. "मी बघितलीच नाय, जावईबापू."

लेक आतून हाका मारत होती, पण मला उठवेना.