सुकेळी अंधारात चमकतात का? वसई-विरारचे दोन दिवस

"वर्ग फुकट आहे, पण शिकवणारं माणूस गोड असून चालणार नाही. तू ये," असं सुलभा फोनवर म्हणाली आणि मी नाशिकहून निघाले. सुलभा माझी कॉलेजातली मैत्रीण. ती विरार पूर्वेला चंदनसारला राहते आणि मोबाइलवर येणारे खोटे संदेश कसे ओळखावेत हे शिकवणाऱ्या एका हौशी गटाचं काम बघते. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. खोटं बोलणारी मुलं मला तोंडावरून कळत. मोबाइलला तोंड नसतं, म्हणून पद्धत शिकवावी लागते.

जाणाऱ्यांसाठी माहिती: नाशिकहून एसटीने ठाणे, तिथून घोडबंदर रस्त्याने वसई फाटा, पुढे रिक्षा. घोडबंदरला किती वेळ लागेल हे कुणालाही विचारू नका. मी कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, पोचलो की सांगतो." जेवणाचा डबा जवळ ठेवा. फेब्रुवारीत जा, घाम कमी येतो.

पहिला वर्ग शनिवारी दुपारी नालासोपारा पूर्वेला, तुळिंजच्या बाजारात, एका दुकानाच्या माळ्यावर होता. शेअर रिक्षात मागे तिघांच्या जागेत चौथा कोंबतात. मी कोंबू दिला नाही. मग चालकाने त्याला स्वतःच्या शेजारी अर्ध्या मांडीवर बसवलं आणि सबंध रस्ता तो चौथा माझ्याकडे वळून रागाने बघत राहिला. बाजारात वडापाव चांगला मिळतो, चटणी मात्र बेताने घ्या.

वर्ग चारचा. फुकट असल्यामुळे लोक पावणेपाचला आले. पैसे घेतले असते तर साडेचारला आले असते. मी तीन प्रश्न शिकवले: हे कोण म्हणतंय? आणखी कुठे आलंय? आणि पुढे पाठवायची घाई का? उदाहरणासाठी एक खोटा संदेश मीच रचून नेला होता. लोकांना आपल्या गावचं वाटावं म्हणून विषय वसईचा घेतला, सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात कित्येक दिवस वाळवतात आणि सुक्या पानात बांधून विकतात, ती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सावधान! रसायन लावलेली सुकेळी अंधारात चमकतात. दिवे बंद करून तपासा. मोठ्या डॉक्टरांचा इशारा. दहा जणांना पाठवा.'

एका बाईंनी हात वर केला. "पण मॅडम, खोटं असलं तरी पाठवून ठेवलेलं बरं ना? खरं निघालं तर?"

"मग शेजारणीला चोर म्हणून ठेवा. खरी निघाली तर?"

"तिचं वेगळं आहे," त्या म्हणाल्या. "ती आहेच."

मी म्हटलं, फोटो काढून घ्या, घरी अभ्यास करा. सगळ्यांनी पटापट फोटो काढले. मग मी त्या संदेशावर मोठी लाल फुली मारली. हा क्रम लक्षात ठेवा.

मुक्काम चंदनसारला सुलभाकडे. तिच्या इमारतीत बहुतेक नोकरदार मराठी कुटुंबं, कोकणातली, देशावरची. दर वर्षी ती सगळ्यांच्या वतीने वसईजवळच्या पापडी गावच्या सिसिलियाबाईंकडून सुकेळी मागवते. यंदाचा माल रविवारीच आणायचा होता. रात्री कोळंबीभात खाऊन मी झोपले.

सकाळी चहाच्या वेळी वरच्या मजल्यावरचे सावंतकाका आले. चेहरा गंभीर.

"वहिनी, माझी सुकेळी रद्द करा. अंधारात चमकतात."

"तुम्ही बघितलीत?" सुलभाने विचारलं.

"गेल्या वर्षीचं एक डब्यात उरलं होतं. पडदे लावले, ते घेऊन ब्लँकेटमध्ये शिरलो. हिने बाहेरून दाबून धरलं."

"चमकलं?"

"चमकलं नाही. पण चमकणार होतं असं वाटलं."

त्यांनी मोबाइल पुढे केला. माझाच संदेश, शब्दन् शब्द, खाली मात्र एक नवी ओळ: 'नाशिकच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी तुळिंजच्या सभेत जाहीर केले.'

"मी शास्त्रज्ञ नाही," मी म्हटलं.

"तुम्ही नाही हो. त्या नाशिकच्या."

चहा संपेपर्यंत जवळजवळ अख्ख्या इमारतीने ऑर्डर रद्द केली होती. सुलभा माझ्याकडे बघत होती. तिला शिकवणारं माणूस कडक हवं होतं. कडक माणसाकडूनही असं होतं, हे तिने गृहीत धरलं नव्हतं.

पापडीला जाताना वाटेत बागा लागतात, गार सावली, चर्चची पांढरी भिंत. मला त्यातलं काही नीट दिसलं नाही. तुम्ही बघा. सिसिलियाबाईंच्या अंगणात सुकेळ्यांचे पुडे बांधून रचले होते आणि त्या पायरीवर मोबाइल हातात धरून बसल्या होत्या. बातमी पोचली होती.

"नाशिकच्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"या. अशा त्या काळोख्या खोलीत बसा. चमकता का बघू."

मागे त्यांचा मुलगा उभा होता. तो घरच्या बोलीत काही म्हणाला. शब्द कळले नाहीत, रोख कळला. बाईंनीच अर्थ सांगितला. "म्हणतो, माल पडून राहिला तर पुढच्या वर्षी राजेळी लावायची नाही. रस्त्याच्या बाजूला गाळे काढायचे. तीन वर्षं पाठी लागलाय. तुम्ही त्याचं काम सोपं केलंत."

मग त्यांनी जेवायला वाढलं, तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. इतक्या रागाने वाढलेलं इतकं चांगलं जेवण मी कधी जेवले नव्हते.

दुपारचा वर्ग चर्चच्या शेजारच्या सभागृहात होता. इथे लोक वेळेवर आले. मी तीन प्रश्न शिकवले आणि लगेच पडद्यावर लिहिलं: 'तातडीचा खुलासा! सुकेळ्यांचा संदेश खोटा आहे. सर्वांना पाठवा!' पुढच्या रांगेतले एक निवृत्त कारकून चष्मा सावरत उठले.

"बाई, तुमच्याच प्रश्नांवर घासून बघू. कोण म्हणतंय? अनोळखी बाई. आणखी कुठे आलंय? कुठेच नाही. घाई का? 'तातडीचा', वर 'सर्वांना पाठवा'. मला तर हे खोटं दिसतं."

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. दोन दिवसांत माझं शिकवणं पूर्ण कळलेला हा एकच विद्यार्थी, आणि मला त्याला बाकावर उभं करावंसं वाटत होतं.

आता तोंडाने सांगणं एवढंच उरलं. सिसिलियाबाई, सुलभा, मी आणि पुडे अशी रिक्षा चंदनसारला निघाली. भाडं आधी ठरवून घ्या. चालकाने सांगितलेला आकडा सिसिलियाबाईंनी नुसतं त्याच्याकडे बघून कमी करवला. मग मी इमारतीतलं एकेक दार वाजवलं.

"मी नाशिकची बाई. शास्त्रज्ञ नाही. तो संदेश मी रचला, शिकवण्यासाठी. सुकेळी चांगली आहेत."

कुणी हसले, कुणी पुडा घेतला, कुणी विचार करून सांगतो म्हणाले. सावंतकाकांनी दार अर्धवटच उघडलं आणि हळूच विचारलं, "तुमच्यावर कुणी दबाव टाकलाय का?"

"हो, मी टाकलाय," माझ्या मागून टोपली कमरेवर घेतलेल्या सिसिलियाबाई म्हणाल्या.

काकांनी दोन पुडे घेतले, मला वाटतं भीतीने. तरी टोपलीत निम्मा माल राहिला. बाई तो घेऊन परत निघाल्या तेव्हा मी पुढे केलेलं रिक्षाचं भाडं त्यांनी माझ्याच पिशवीत परत टाकलं. टोमणे परवडले असते.

सोमवारी मी घरी आले. त्याच आठवड्यात माझ्या भावजयीने आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत आलेला एक संदेश टाकला: 'सध्या सुकेळ्यांबद्दल बरंच ऐकू येतं. पापडीच्या सिसिलियाबाईंची सुकेळी अंधारात अजिबात चमकत नाहीत. घरी नेऊन स्वतः तपासा.' खाली फोटो. काळोखी खोली, त्यात काहीही दिसत नव्हतं.

मी लगेच सिसिलियाबाईंना फोन लावला. "बाई, हे तुम्ही लिहिलंत?"

"मीच."

"लोकांची दिशाभूल आहे ही."

"माझी सुकेळी चमकतात?"

"नाही."

"मग यातलं खोटं काय ते सांगा. तुम्ही शिकवता ना?"

मी विचार केला. कोण म्हणतंय, ते लिहिलेलं होतं. घाई नव्हती. तपासायला तर त्या स्वतःच सांगत होत्या.

"माल किती उरला?" मी विचारलं.

"संपला. लोक मुद्दाम न चमकणारी मागतात."

"आणि मुलगा?"

"राजेळीचे मुनवे लावायला जागा करतोय. पुढच्या वर्षी तुम्हाला किती ठेवू?"

मी दोन किलो सांगितली. वसई-विरारला जरूर जा. वर्ग फुकट आहेत, जेवण उत्तम आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर मी तिथून एक चौथा प्रश्न घेऊन आले. खरं असलं, तरी हे मला आत्ता का सांगताहेत? पुढच्या वर्गापासून तो शिकवणार आहे. सिसिलियाबाईंना मात्र अजून कळवलेला नाही.